कॉलर हुंगणाऱ्या सिस्टर

कुणी आजारी माणूस आला की आमच्या सिस्टर आधी त्याच्या शर्टाची कॉलर हुंगत. नाडी, थर्मामीटर सगळं नंतर. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या आमच्या बेअरिंगच्या कारखान्यात प्रथमोपचाराची एक खोली होती आणि तिथे कित्येक वर्षं त्या एकट्याच नर्स होत्या. हुंगून त्या सांगत, "ग्राइंडिंगवाला. आणि कूलंट जुनं झालंय, आंबूस येतंय." आम्हाला हसू येई.

त्या मूळच्या बडोद्याच्याच. मराठी अगदी स्वच्छ, पण रागावल्या की गुजराती सुरू व्हायची: "आ नहीं चाले, भाई!" आणि बहुतेक वेळा त्या रागावलेल्याच असत. काळजी करायची दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती.

ग्राइंडिंगचं चाक फिरू लागलं की ते गार ठेवायला सोडलेल्या तेलकट कूलंटचं बारीक धुकं उठायचं, मशीनच्या दाराच्या फटींतून बाहेर यायचं आणि दिव्यांभोवती तरंगत राहायचं. मी ग्राइंडिंगवरच होतो; घरी उशीलासुद्धा तोच वास. खोकला जाईना तेव्हा भीतीनेच मी सिस्टरांकडे गेलो. सर्दी आहे म्हणालो. त्यांनी एकच विचारलं, "रविवारी किती खोकलास?"

आठवून पाहिलं. सुटीच्या दिवशी खोकलोच नव्हतो. सोमवारी दुपारपासून पुन्हा छाती जड. बायकोला सातवा महिना होता आणि माझी नोकरी कंत्राटी.

"सिस्टर, रजिस्टरमध्ये लिहू नका. काढून टाकतील मला."

"नाही लिहिलं तर खोकला जाईल का?"

त्यांनी लिहिलं. पुढे कितीतरी दिवस ऑफिसातून कुणालाही हाक आली की मी दचकत होतो.

माझ्या शेजारच्या मशीनवर सोलंकीभाई होते. त्यांचा खोकला माझ्याहून जुना. सिस्टर रोज बोलावणं पाठवत, आणि काही झालेलं नाही म्हणून ते हसून हात हलवत, "कंई नथी, बेन." एकदाही गेले नाहीत.

एका सकाळी सिस्टर फिटरला घेऊन स्वतः शिडी चढल्या. धुकं ओढणारा पंखा बंद होता. फिल्टर तेलाने काळा, चिकट झालेला. त्यातून खाली थेंब टपकतात म्हणून कुणीतरी बटणच बंद करून टाकलं होतं. सिस्टरांनी मॅनेजरसाहेबांना बोलावलं.

"सगळ्यांना मास्क देतो," साहेब म्हणाले.

"द्या. पण आजचा चहा आपण इथेच घेऊ." त्यांनी दोन खुर्च्या माझ्या मशीनजवळ मांडायला लावल्या.

साहेबांनी चष्मा पुसला. जरा वेळाने पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा पुसायला गेले तर रुमालच तेलकट झाला होता. ते उठून गेले. वाटलं, आज आपलं नाव कटलं.

कटलं नाही. थोड्याच दिवसांत नवे फिल्टर आले, प्रत्येक मशीनला धुकं ओढणारा पाइप आला, दारांना नवं रबर लागलं. काम संपल्यावर धुकं ओढलं जाईपर्यंत मशीनचं दार उघडायचं नाही, असा नियम झाला. मला स्टोअरमध्ये हलवलं आणि माझा खोकला हळूहळू थांबला.

सोलंकीभाईंची फुप्फुसं मात्र तोवर आखडली होती. डॉक्टरांनी त्यांना काम सोडायला लावलं. त्यानंतर सिस्टरांचं रागावणंच संपलं. एकदा मला म्हणाल्या, "तू घाबरलास म्हणून आलास. त्याला मी नीट घाबरवलंच नाही रे."

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं, सगळी तयारी होती, पण सिस्टरच नाहीत. साहेबांनी शाल माझ्याकडे देऊन पाठवलं. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, छाणीला गेल्यात. छाणीला कोण राहतं ते मला माहीत होतं.

सोलंकीभाई खाटेवर बसून होते. उशाशी ऑक्सिजनचं यंत्र घरघरत होतं, आणि सिस्टर त्यांच्या पाठीमागे उशा रचत होत्या. मी शाल पुढे केली.

"ठेव तिकडे," माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या. "आधी ती खिडकी उघड."