थांबावे, ते बोलतात

ताई फोन उचलायच्या आणि पलीकडच्या नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायच्या. आमचं ऑफिस बावधनला. कुठल्याही शाखेत कुणाचा संगणक अडला की फोन आमच्या हेल्पडेस्कवर यायचा. ताई रोज मुळशीहून यायच्या. बसमध्ये खिडकीशी डोळे अर्धवट मिटून बसायच्या आणि कामातही तशाच, तंद्रीत असल्यासारख्या दिसायच्या. “घाई कशाला? मशीन बंद पडलंय, माणूस न्हाई,” असं म्हणायच्या. लातूरहून नव्यानेच आलेल्या मला वाटायचं, या झोपेतच काम करतात.

तक्रारीची नोंद, म्हणजे तिकीट, बंद करताना खाली शेऱ्यासाठी मोकळी जागा असे. बाकीचे ती रिकामी सोडत. ताई तिथे शाळेतल्या शुद्ध मराठीत लिहीत: ‘आई आजारी आहे, आधी चौकशी करावी.’ ‘या बाईंना इंग्रजी सूचना कळत नाहीत, सांगायला लाजतात.’

मग कंपनीने जुनी सिस्टीम सोडून नवी घ्यायचं ठरवलं. जुनीतलं काय न्यायचं, त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. नवीत शेऱ्यांचा रकानाच नव्हता, म्हणून मी ते गाळले. ताईंना तसं सांगितलं.

“वाचलंस का ते?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी वाचलं नव्हतं.

नवी सिस्टीम सुरू झाली त्या सोमवारी ताई रजेवर होत्या. नाशिकच्या गोदामातून फोन आला. पलीकडे शांतता. मी ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदाही तेच. दुसऱ्या दिवशी कळलं, तिथली सिस्टीम उघडत नव्हती आणि औषधांच्या गाड्या दिवसभर फाटकात उभ्या होत्या. वेळेत कळवलं नाही म्हणून तिथल्या स्टोअरकीपरला नोटीस निघाली होती. जुनी सिस्टीम अजून आठवडाभर चालू राहणार होती. तिच्यात मी त्या स्टोअरकीपरचं नाव शोधलं. खाली ताईंचा शेरा होता: ‘बोलताना अडखळतात. फोनवर शांतता असल्यास ठेवू नये. थांबावे, ते बोलतात.’

मी साहेबांना खरं सांगितलं. बोलणी खाल्ली. नोटीस मागे घेतली गेली. मग ताईंकडे गेलो.

“ताई, चूक माझी झाली.”

“व्हय,” त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. “चल, कुटनं सुरू करायचं?”

आठवडाभर आम्ही एकेक शेरा वाचून, नव्या सिस्टीममध्ये त्या त्या नावापुढे, पत्त्याच्या रकान्यात, हाताने उतरवत राहिलो. मध्येच त्या म्हणत, “हे ऱ्हाऊ दे. त्यांची आई गेली आता.” काचेबाहेर चांदणी चौकाकडची वाहनं आवाजाविना सरकत राहायची. कधीही न पाहिलेली माणसं आमच्या टेबलाभोवती येऊन बसल्यासारखी वाटायची.

दोन वर्षांनी हेल्पडेस्क दुसऱ्या शहरात हलवला. ताई गेल्या नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी मुळशीला त्यांच्या घरी गेलो. संध्याकाळी त्या मला धरणाच्या काठाला घेऊन गेल्या.

“तितं आमच्या पणजीचं घर व्हतं,” पाण्याच्या मधोमध बोट दाखवत त्या म्हणाल्या.

“तुम्ही पाहिलंय?”

“मी कुटनं बघणार? आजी सांगायची. दारात आंबा व्हता. त्याच्याखाली लई गार वाटायचं म्हणं.”

ऊन उतरलं होतं. तरी त्या जरा सरकून बसल्या, सावलीत बसावं तशा.