एल्साबाई आमच्या अंगणात आल्या तेव्हा

मी नन होणार आहे, ही बातमी अख्ख्या गावात सगळ्यात शेवटी मला कळली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी बी.ए. होऊन वसईत घरी बसले होते. पुढे काय करायचं, हे मला ठाऊक नव्हतं. (असतं तरी सांगितलं नसतं. चारचौघांत माझ्या तोंडून आवाज फुटत नसे.) आमच्या फादरांना बेल्जियममधल्या एका घराची माहिती होती. आयुष्याचं काहीच ठरत नसलेली तरुण मुलं तिथे वर्षभर राहायची, कधी बागेत, कधी बेकरीत काम करून बघायची आणि मोठी माणसं त्यांना न ओरडता सल्ला द्यायची. न ओरडता! मी लगेच अर्ज केला. जागा एकच उरली होती, आणि तिथल्या एल्साबाई मला पाहायला घरी येणार होत्या.

बाबांनी शेजारच्या इजाबेल आत्याला एवढंच सांगितलं, "बाय वर्षभर युरोपला चाललीय. फादरांनी जमवलंय."

आत्याने ते गावाला सांगितलं आणि गावाने अर्थ लावला. नोकरीसाठी गेली असती तर आखातात गेली असती. लग्न होऊन चालली म्हणावी, तर नवरा कुठेय? नोकरी नाही, नवरा नाही, वर फादरांची ओळख. म्हणजे नन व्हायला कॉन्व्हेंटात! माझ्या गप्प बसण्याला लोक इतकी वर्षं घमेंड म्हणत होते, त्याची आठवड्याभरात भक्ती झाली.

एल्साबाई आल्या त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, सुकवलेल्या केळ्यांच्या, सुकेळ्यांच्या पुड्या, आणि कोपऱ्यात चक्क ब्रास बँड! आई-बाबा माझ्याइतकेच गार पडलेले. एका म्हातारीने माझ्या गळ्यात हार घातला आणि डोकं पुढे करून म्हणाली, "सिस्टरबाय, आशीर्वाद दे गो!"

"काय म्हणतात या?" एल्साबाईंनी वही-पेन काढत मला इंग्रजीत विचारलं. फादर एका आजाऱ्याकडे गेलेले. अंगणात इंग्रजी बोलणारी मी एकटीच.

"प्रवास सुखाचा होवो म्हणतात," मी म्हटलं.

तेवढ्यात आत्या पांढरंशुभ्र कापड आणि हातभर लांब क्रूस घेऊन आली. "झग्याला कापड आणलंय, बाय. तिकडे थंडी, म्हणून जाडच घेतलं!" तिने ते कापड सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर पदरासारखं टाकलं.

याला भाषांतर लागत नव्हतं. एल्साबाईंनी पेनाला टोपण लावलं. "तुझं तर ठरलेलंच आहे. अभिनंदन! आमची जागा ज्यांचं काहीच ठरलेलं नाही त्यांच्यासाठी असते."

जागा चालली! माझ्या घशातून कधी नव्हे तो आवाज निघाला. "मला नन व्हायचं नाहीये! मला काय व्हायचंय तेच मला माहीत नाहीये!"

बँड थांबला. मी तेच इंग्रजीत ओरडले. एल्साबाई माझ्या डोक्यावरच्या कापडाकडे पाहत म्हणाल्या, "खरंच?"

"काय इचारते ती?" आत्या.

"माझं खरंच काही ठरलेलं नाही का, ते विचारतायत."

मग काय! गाव मदतीला धावलं.

"टायपिंगचा क्लास लावला नि सोडला, सांग तिला!"

"बालवाडीत शिकवायला गेली. पोरांच्या आधी हीच रडली!"

"बँकेत मुलाखतीला गेली, ती बाहेरच्या बाकावरूनच घरी!"

"मुलगा बघायला आला, तर ही केळीच्या वाडीत लपून बसली," बाबा म्हणाले. (हे बाबांना माहीत होतं?)

हे सगळं मलाच भाषांतर करून सांगावं लागत होतं. पण एकेका पुराव्यागणिक एल्साबाईंचा चेहरा खुलत गेला. टोपण निघालं. बाकावरून परतल्याचं ऐकून त्या "वा!" म्हणाल्या. केळीच्या वाडीला तर त्यांनी बाबांचा हात हातात घेऊन हलवला.

"शेवटचा प्रश्न," त्या म्हणाल्या. "वर्षभरात हिला काही सापडेल, असं या सगळ्यांना वाटतं का?"

मी आत्याला विचारलं. कापडाची घडी घालत तिने मला नीट न्याहाळलं.

"आमाला काय ठाव? नाय सापडलं तर आणखी एक वरीस ठेवून घ्या म्हणावं!"

मी एक शब्दही गाळला नाही. जागा मला मिळाली. आयुष्यात पहिल्यांदाच माझी अशी एकमताने निवड झाली होती, आणि मी कशाच्याच कामाची नाही याचे सगळे पुरावे मी स्वतःच अस्खलित इंग्रजीत सादर केले होते!