लॅपटॉपची खाप

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात पार्बताबाईला नावाने कोणी ओळखत नाही. 'टरबूजवाली मावशी' म्हटलं की शेंबडं पोरही बोट दाखवतं. घरात सून तिला आई म्हणते, नवरा सहदेव 'आयकलं काय' म्हणून काम भागवतो आणि गल्लीत ती धर्मेंद्रची माय. मी श्याम, तिच्या घरासमोरचा किराणा दुकानदार. तिचा आवाज मला माझ्या गल्ल्यावर बसून ऐकू येतो, मला ऐकायचा असो वा नसो.

बाई फटकळ आहे, पण तिची विकायची रीत सरळ आहे. गिऱ्हाइकाने एखाद्या टरबुजावर बोट ठेवलं की ती सुरीने तिकोनी खाप काढून त्याच्या हातावर ठेवते. लाल निघाली तर न्या, पांढरी निघाली तर फळ तिचं. या रितीपायी तिची कितीतरी फळं घरच्या बकरीने खाल्ली, पण गिऱ्हाईक कधी दुसऱ्या पाटीकडे वळलं नाही.

यंदा उन्हाळ्यात तिच्या सुनेला, रागिणीला, नोकरी लागली. कापसाच्या जिनिंगवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी अकोल्याची एक लहानशी कंपनी होती. काम घरून करायचं, पण लॅपटॉप आपला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं आणि सोमवारी सकाळी कामाला हजर. नाही जमलं तर पुढच्या उमेदवाराला बोलावणार होते. रागिणी कॉम्प्युटर शिकून या घरात आली आणि तेव्हापासून मोबाईलच्या वीतभर काचेवर डोळे फोडत होती. ही संधी गेली असती तर पोरगी मनातून खचली असती. मला तिची फार काळजी वाटत होती.

धर्मेंद्र म्हणाला, नवा कोरा घेऊ, हप्त्यावर. मीही शहाण्यासारखी मान डोलावली. पार्बताबाई आम्हा दोघांवर उखडली.

"हप्त्याची चीज पाव्हन्यासारखी असते. येते मजेनं अन् जाचं नाव घेत नाई. रागिणी, तू सांग, तुले कोनता पाह्यजे?"

"आई, मोठ्या कंपन्या आपले लॅपटॉप तीन-चार वर्षांत काढून टाकतात," रागिणी म्हणाली. "मजबूत असतात, खोलून दुरुस्त करता येते. नव्या विंडोजले त्यातले बरेच चालत नाही, पण लिनक्स मस्त चालते. अमरावतीले भेटतात."

"म्हन्जे वापरेल, पन दनकट. घेऊ. पन खाप पाहून."

शनिवारी सासू, सून आणि मी असे तिघं एसटीने अमरावतीला गेलो. धर्मेंद्र फुगून वावरात गेला होता. राजकमल चौकाजवळच्या एका गल्लीत जुन्या लॅपटॉपचं दुकान होतं आणि दुकानदाराच्या गालात तंबाखूचा खर्रा होता. रागिणीने एक काळा, जाडसर लॅपटॉप निवडला. एकेक बटण दाबून पाहिलं, स्क्रीन पांढरी करून डाग शोधले. मग पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

"यातून लिनक्स सुरू करून पाहते."

"ताई, विंडोज सुरू हाये ना समोर," दुकानदार म्हणाला. "बाकीचं घरी जाऊन करा. चालतेच."

पार्बताबाई स्टुलावरून उठली. "घरी जाऊन कसं? आंधी खाप काढून दाखव."

दुकानदाराने पेचकस हातात घेतला. "खोलून दाखवतो मावशी, पन मंग वारंटी राहनार नाई."

"तुह्या वारंटीले का करू? लाल हाये का पांढरा, थे सांग!"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे. रागिणीला इतकं हसू आलं की ती खालीच बसली.

"आई, खाप काढाची सुरी माझ्या हातात हाये. हा पेनड्राइव्ह. आतलं याच्यानं कळते."

"मंग लाव की!"

लावला. स्क्रीन काळी झाली आणि पासवर्ड मागू लागली. आधीच्या कंपनीने आतून कुलूप घातलं होतं. रागिणीने मला समजावून सांगितलं की असलं कुलूप असलं तर विंडोज चालतं, पण दुसरं काही चढवता येत नाही. दुकानदार नरमला. "काढून देतो ना. बुधवारी या."

नोकरी सोमवारी होती. रागिणीचा चेहरा उतरला.

"पांढरं निंगालं," पार्बताबाई म्हणाली. "फळ तुहं. दुसरं काढ."

दुसऱ्याच्या झाकणावर ओरखडे होते आणि कुठल्याशा कंपनीचं अर्धवट फाटलेलं लेबल होतं. त्यात पेनड्राइव्ह लावला आणि काही क्षणांत लिनक्सचं निळं चित्र आलं. वायफाय लागलं, आवाज आला, कॅमेऱ्यात माझं टक्कलही दिसलं.

"लाल?" सासूने विचारलं.

"लालबुंद," सून म्हणाली. दुकानदारही हसला. एका बऱ्या मोबाईलच्या भावात लॅपटॉप पिशवीत पडला.

रविवारी रागिणीने त्यात लिनक्स पक्कं बसवलं. बसवताना ते कॉम्प्युटरचं नाव विचारतं. तिने काहीतरी टाईप केलं, पण कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मी साखर पोचवायच्या निमित्ताने त्यांच्या घरी जाऊन बसलो. अकोल्याच्या कंपनीतल्या नीलम मॅडम पडद्यावर होत्या आणि रागिणी लिनक्सला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत भराभर लिहून दाखवत होती. मॅडमना रागिणीची स्क्रीन तिकडे दिसत होती.

"रागिणी, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तुझ्या नावापुढे हे पार्बताबाई काय येतंय? कोण आहे ही?"

रागिणी लाल झाली. आमच्याकडे सून सासूचं नाव घेत नाही आणि सासू मागेच गवार मोडत बसली होती.

"मॅडम, कॉम्प्युटरले नाव द्या लागते ना. सासूबाईंचं दिलं. त्यांच्यामुळंच हा भेटला."

आता घरात महाभारत होणार म्हणून मी चप्पल शोधू लागलो. पार्बताबाईने गवार खाली ठेवली, जवळ येऊन डोळे बारीक केले. रागिणीने इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून नाव वाचून दाखवलं.

"सगळ्या ओळींत?"

"हो आई. जितक्या खेपा याले काम सांगीन, तितक्या खेपा येते."

बाईला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, पदराने डोळे पुसले आणि पुन्हा एकदा त्या ओळी वरपासून खालपर्यंत पाहिल्या. मग सुनेच्या खांद्यावर हात ठेवून कॅमेऱ्यात तोंड घातलं.

"पार्बताबाई म्हन्जे मीच. काहून, काई अडचन हाये काय?"