मुलीच्या लॅबचा सिलिंडरवाला

पत्र काही मिळालं नाही, ते आधीच सांगून टाकतो. उगाच आशा लावून वाचायला नको.

मी मूळचा चिपळूणकडचा, इथे आखातात गॅस कंपनीची गाडी चालवतो. राहतो झिंजमध्ये. मुलगी इथेच वाढलेली, इंग्रजी शाळेतली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तिला एका लॅबमध्ये तीन महिने संशोधन करायची संधी मिळाली. रक्तवाहिन्यांना आतून अस्तर असतं ना, त्याच्या पेशी बाटलीत वाढवायच्या. काम नीट झालं की लॅबची इजिप्शियन मॅडम बाहेरच्या युनिव्हर्सिटीसाठी पत्र देणार होती. त्या पत्राशिवाय पोरीला पुढे कुणी दारात उभं करणार नव्हतं.

आणि त्या पेशींना लागणारा कार्बन डायऑक्साइड कोण पोचवतो? अहो, मीच! मला कोण आनंद. तर ही म्हणते, "पप्पा, प्लीज, लॅबमध्ये डोन्ट टॉक टू मी." लागलं मनाला. म्हटलं, बरं बाई. तिथे मी तिलाही मॅडम म्हणायचो आणि ती मान वर न करता पावतीवर सही करायची.

एका बुधवारी लॅबमध्ये बघतो तर सिलिंडरचा काटा लाल पट्टीत. घरी जेवताना तिला म्हटलं, "अगं, सिलिंडर संपत आलाय. उद्याच ऑर्डर द्यायला सांग. मग शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे." ऑर्डर आल्याशिवाय कंपनी माल सोडत नाही. रोज काटा बघून वहीत लिहिणं तिचंच काम. "ओके, ओके, पप्पा," म्हणाली. डोळे मोबाइलमध्ये.

रविवारी सकाळी लॅबमधून अर्जंट फोन. सिलिंडर घेऊन पोचलो तर बाटल्यांतलं लालसर पाणी जांभळट झालेलं. पेशी खलास. ऑर्डर का गेली नाही, असं मॅडम पोरीला विचारत होती. मी पुढे झालो, म्हटलं, "मॅडम, ऑर्डर आया था. मैं भूल गया."

पोरीने ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम तिला म्हणाली, काय नुकसान झालंय ते याला समजावून सांग. पोरीने लॅबमध्ये पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"आप जैसे लोगों की वजह से तीन महीने का काम बरबाद हो गया."

"सॉरी, मॅडम," मी म्हटलं.

माझी थाप दोन दिवसही टिकली नाही. मॅडमने कंपनीत चौकशी केली, ऑर्डर नव्हतीच. पत्र हातचं गेलं, माझा तो रूटही गेला. घरात त्यावर कुणी बोलत नाही. पोर आता दुसरीकडे अर्जसुद्धा करत नाही आणि मीही कर म्हणत नाही.

मला इंग्रजी बोलता येत नाही, पण इतकी वर्षं इथे काढली, समजतं सगळं. काय नुकसान झालं ते सांग, एवढंच मॅडम म्हणाली होती. 'आप जैसे लोग' हे आमच्या पोरीने स्वतःच्या मनाने घातलं.