आईची सही

शाळेच्या नर्स, सगळ्यांच्या सिस्टर, गेल्या, तेव्हा शोकसभेत दोन शब्द बोलायला हेडक्लार्कांना उभं केलं. बावीस वर्षं दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, म्हणजे यांनाच जास्त माहिती असणार, असा सगळ्यांचा समज. ते उठले, चष्मा पुसला आणि परत खाली बसले. बाईंना मुलं किती, माहेर कुठलं, घरी गेल्यावर त्या काय करत, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. एका प्रकरणापुरत्या त्या कळल्या होत्या, आणि ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी सातवीच्या मुलींना गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवरची लस द्यायचं ठरलं. पथक एकच दिवस येणार होतं. सिस्टरनी पालकांना बोलावून सगळं समजावलं: हा कॅन्सर विषाणूमुळे होतो, म्हणून त्याची लागण होण्याआधीच टोचलेलं बरं.

“एवढ्याशा पोरींना कशाला हो आत्तापासून?” मागून एक आजोबा म्हणाले.

“गोवराची लस काय गोवर उठल्यावर टोचली होती तुम्ही, आजोबा?”

सभा हसली. संमतीपत्रं भराभर येऊ लागली.

ती तपासायचं काम हेडक्लार्कांकडे. सहल असो नाहीतर दाखला, शाळेत आजवर वडिलांचीच सही चालत आलेली. नऊ पत्रांवर आयांच्या सह्या होत्या. त्यांनी इमानेइतबारे प्रत्येकावर ‘वडिलांची सही घ्यावी’ असा शेरा मारला आणि ती घरी पाठवून दिली.

पथक यायच्या दोन दिवस आधी सिस्टर येऊन उभ्या राहिल्या.

“भाऊसाहेब, माझी नऊ पत्रं?”

“परत धाडली. वडिलांची सही नव्हती.”

“आई पालक नसते होय?”

“नियम आहे, सिस्टर.”

“कुठे लिहिलाय? दाखवा तरी.”

त्यांनी फाईल काढली. दोनदा चाळली. कुठेच लिहिलेला नव्हता.

दुखरा गुडघा घेऊन सिस्टर घरोघर फिरल्या आणि आठ पत्रं घेऊन आल्या. नववं राहिलं. त्या मुलीची आई याच कॅन्सरने अंथरुणाला खिळली होती. उशीला टेकून, हातातून दोनदा पेन पडल्यावर, तिने ती सही केली होती. परत गेलेलं पत्र बापाच्या हाती पडलं. बायकोचा आजार शेजाऱ्यांपासूनही लपवणारा तो माणूस. शाळेच्या कागदावर त्या आजाराचं नाव वाचून त्याचं डोकंच फिरलं. सिस्टर घरी पोचल्या तेव्हा दारातच त्याने फाडलेल्या पत्राचे तुकडे त्यांच्यासमोर धरले.

“दुसरं देते. ताईंना सही करू द्या.”

“तिला हात उचलवत नाही आता,” तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

महिन्याभरात मुलीची आई गेली. बापाने मुलीचा दाखला नेला. कुठे चाललो, ते सांगितलं नाही. सिस्टर हेडक्लार्कांना एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना पुष्कळदा वाटलं. दाखला खरा की खोटा, हे विचारायला नवी शाळा पत्र पाठवते. मुलीचा पत्ता लागायची तेवढी एकच वाट उरली होती.

पत्र आलं दीड वर्षाने, शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी. हेडक्लार्कांनी त्या शाळेला स्वतःच्या हाताने लिहिलं, की मुलीला लस मिळायची राहिली आहे, आईची संमती होती, ती मी परत पाठवली. तुमच्या शाळेच्या सिस्टरनी वडिलांची समजूत घालावी. उलट टपाली उत्तर आलं: ‘आमच्या शाळेत नर्सचे पद नाही. वडिलांना कळवले असता त्यांनी नकार दिला आहे.’

सिस्टर शेवटच्या भेटल्या होत्या त्या शोकसभेआधीच्या शनिवारी, खोलीला कुलूप लावताना.

“आलं का हो काही, भाऊसाहेब?”

“नाही अजून.”

“बरं. सोमवारी विचारते.”

“विचारा की.”