तात्यांचं गाऱ्हाणं

"तोंडांत पाव कोंबल्यात काय रे? व्हय महाराजा म्हणा!"

देवळाच्या चौकात तात्या ओरडत होते. आम्ही तिसऱ्यांदा म्हटलं. पहिल्या खेपेला कौलांवरची कबुतरं धारगळ गाव सोडून गेली, दुसऱ्या खेपेला मोप्याला उतरणारं विमान परत फिरलं, तिसऱ्या खेपेला माझा दात हलला. दात तरी खरा माना.

गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांच्या घराण्याचा. ते एकेक मागणं मांडणार, आम्ही होकार देणार. तो कानावर पडल्याशिवाय पुढचं मागणं नाही. "गावाचो आवाज नसलो तर देव म्हणतलो, ह्यो म्हातारो एकटोच मागता!" वर्षभर दर गाऱ्हाण्याला ते "मोठ्यान!" म्हणत राहिले आणि आम्ही, भक्तीचा जोर समजून, आवाज चढवत राहिलो. त्यांचे कान चाललेत, हे आमच्याच बोंबलण्याखाली झाकलं गेलं.

शेवटी मी त्यांना म्हापशाला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मधुमेह जुना आहे हे कळताच बाईंनी विचारलं, "लघवीला फेस येतो?" मी तात्यांच्या कानात प्रश्न ओरडलो. बाहेरचे सगळे पेशंट आत डोकावले.

"कान वर, मूत खाली," तात्या म्हणाले. "ह्या दोघांची वळख कधी झाली रे?"

ओळख जुनी निघाली. लघवीतून प्रथिनं जात होती, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं होतं. बाई म्हणाल्या, "साखर मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडवते, तशाच आतल्या कानातल्याही. असे रिपोर्ट असलेल्यांचं ऐकणंही पुष्कळदा कमी झालेलं आढळतं. यांचं त्यानेच गेलं असं छातीठोक नाही सांगता येत. मूत्रपिंडं जपू या. गेलेलं ऐकणं परत येणार नाही."

हे मी कागदावर लिहून दिलं. एकाचे तीन करणारा मी, त्यात एक शब्द वाढवला नाही. तात्यांनी वाचलं, कागदाची घडी केली, खिशात ठेवली.

कानाला यंत्र बसवलं. घरात त्यांच्या बायकोचं, काकींचं, बोलणं त्यात ऐकू यायचं, देवळात नुसता खरखराट. पुढच्या जत्रेआधी तात्यांनी आपणहून मान पुतण्याला दिला.

त्या दिवशी ते गर्दीत माझ्या शेजारी उभे होते. पुतण्या मागत होता, गाव गरजत होता. सगळं आटोपल्यावर मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "तात्या, कसं झालं गाऱ्हाणं?"

"गावाचे नुसते ओठ हलले," तात्या म्हणाले.