झाकण न उघडलेली घटपर्णी

रनाळ्याच्या शाळेत मला विज्ञान शिकवणाऱ्या भामरे बाईंचे ऋण सर्वांत मोठे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिले नव्हते. प्रवेशाचा अर्ज बाईंनी शेजारी बसून भरून घेतला. पुढे पोलीस खात्यात असताना नंदुरबारचा एक तपास त्यांच्याच एका तासामुळे सुटला. निवृत्त झालो तरी तो डोळ्यांपुढून हलत नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहेब, त्या घरमा गांजा लायेल शे. खिडकीमा दिवसभर जांभळा उजेड ऱ्हास." माहिती स्टेशन डायरीत घेतली, वरिष्ठांना लेखी कळवली आणि दोन पंच व हवालदारांना घेऊन निघालो.

घर एका शाळेतल्या प्रयोगशाळा सहायकाचे. चाळिशीचा, एकटा, नोकरी कंत्राटी. मागच्या खोलीत प्लास्टिकचा तंबू, ओली गोणपाटे, रोपे वाढवायचे जांभळे दिवे आणि आत एकच रोप. गांजा नव्हता, हे पाहताक्षणी कळले. पण कोपऱ्यात बॅटरीच्या पाण्याचे कॅन रचलेले. हवालदारांनी तिथूनच सुरुवात केली.

"भाऊ, गाडी शे तुन्हाकडे?"

"नही."

"इन्व्हर्टर?"

"नही."

"मंग बॅटरीनं पाणी काय चहाले वापरस?"

"झाडले. बोरना पाणीमा क्षार शेतस, हाई झाड मरी जाई."

"खत तरी देस का?"

"खतनी बी मरी जाई."

"मंग जगस कशावर?"

"मुंग्यास्वर."

पंच हसले. हवालदार मात्र माझ्याकडे वळले. "साहेब, हाऊ आपले येडा बनाडी ऱ्हायना."

ती घटपर्णी होती, घटात पडलेले किडे-मुंग्या पचवून जगणारी वनस्पती. दोन जातींची फुले जमवून, ब्रशने परागकण नेऊन त्याने स्वतः संकर केला होता. उगवलेल्या रोपांतले हे एकच जगले. पानाच्या टोकाच्या तंतूला बोटाएवढा सुरईसारखा घट लोंबत होता. झाकण अजून घट्ट मिटलेले.

"माल यामाच व्हई," म्हणत हवालदारांनी ब्लेड काढले.

इतका वेळ सरळ उत्तरे देणारा माणूस पांढराफटक पडला. "साहेब, मला ठाण्यात न्या, पण ते कापू नका. पाच वर्षांनी पहिला मोठा घट धरलाय. आत्ता कापला तर वाळून जाईल."

माणूस जे उघडू नका म्हणतो, मुद्देमाल बहुधा तिथेच सापडतो, हा माझा अनुभव. शिवाय घट न तपासता 'काही मिळून आले नाही' असे लिहिता येत नव्हते, आणि संशय शिल्लक राहिला तर त्याची नोकरी जाणार होती. मी ब्लेड हातात घेतले.

तेव्हा बाईंचा तास आठवला. खुडूक कोंबडीखालचे अंडे त्यांनी वर्गात आणले होते. "फोडून दाखवा ना, बाई," आम्ही ओरडलो. बाईंनी खिडक्या लावल्या, अंड्यामागे टॉर्च धरला. लाल शिरा दिसल्या, एक ठिपका धडधडताना दिसला. "फोडलं की बघणं संपलं रे," त्या म्हणाल्या.

मी दिवे बंद करायला सांगितले आणि घटामागे टॉर्च धरला. हिरवट भिंती उजळल्या. पंचांनी आळीपाळीने वाकून पाहिले. तळाशी नितळ पाणी, दुसरे काही नाही.

"साहेब, मुंगी बी नही!" हवालदार म्हणाले.

"झाकण उघडल्यावर येतील," तो म्हणाला.

पंचनामा तसाच लिहिला. त्याच्या शाळेलाही लेखी कळवले, नोकरी राहिली. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, झाकण उघडले होते. मी साध्या कपड्यांत गेलो, तर हवालदार आधीच हजर, काडेपेटीत मुंग्या घेऊन.

चौकशीत घाबरलेला माणूस गुन्हेगारच असतो, असे मी तोवर धरून चालायचो. त्यानंतर मी आधी विचारू लागलो, भीती कशासाठी?

उघडलेला घट पाहून आलो, त्याच संध्याकाळी बाईंना पत्र लिहिले:

"ती. बाईंना साष्टांग नमस्कार. तुमचा टॉर्चचा धडा गेल्या आठवड्यात उपयोगी पडला, एका माणसाची भाकरी वाचली. हकीकत भेटीत सांगेन. एक विचारायचे इतकी वर्षे राहून गेले. त्या अंड्यातून पिल्लू निघाले होते का? जरूर कळवावे."